यवतमाळची शिफारस कोण करतं?

मारेगाव तालुक्यातलं जळका हे गाव इंटरनेटवर अवतरलं ते २२ जुलै २००८ रोजी. अणुकरारावरून लोकसभेत विश्वासदर्शक ठरावाची चर्चा चालू होती आणि राहुल गांधींनी भाषणात जळक्याच्या कलावती बांदूरकर यांचं नाव घेतलं. लगोलग देशभरातले वार्ताहर जळक्यात पोचले. बातम्या झाल्या, बातम्यांवर लेख झाले, लेखांना उत्तरं आली आणि त्यातल्या अनेकांनी आधीच्या कुणाकडे तरी लिंक दिली. सहा वर्षांनी आर्णी तालुक्यातल्या दाभडीचं तसंच झालं. २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदींनी तिथे ‘चाय पे चर्चा’ केली आणि तेव्हापासून दाभडीवर जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं त्या एका दिवसाभोवती फिरत राहिलं. गावात शाळा असते, देऊळ असतं, पोळा भरतो, कापूस निघतो. पण गूगलला विचारलं तर पहिल्यांदा पुढे येतं ते राजकारण.

ही दोन्ही गावं ज्यात येतात त्या यवतमाळ जिल्ह्याचंही फारसं वेगळं नाही. सोळा तालुक्यांचा हा जिल्हा. वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. १९७१ साली नागपुरातून दैनिक झालेल्या ‘लोकमत’चं मूळ यवतमाळातल्या साप्ताहिकात. मराठी साहित्य संमेलन इथे दोनदा भरलं, १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे. तरीही बाहेरचा माणूस इंग्रजीत या जिल्ह्याचं नाव टाइप करतो तेव्हा त्याच्या वाट्याला बहुधा शेतकरी आत्महत्या येतात, २०१७ सालची फवारणीतून झालेली विषबाधा येते, २ नोव्हेंबर २०१८ ला मारली गेलेली अवनी वाघीण येते. यातलं काही खोटं नाही. विषबाधेत जिल्ह्यातले वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा त्याची बातमी जगभर व्हायलाच हवी होती. प्रश्न एवढाच, की हजारो पानांपैकी नेमकी हीच पानं वर का येतात? कोण ठरवतं?

उत्तराचा मोठा भाग बॅकलिंक या प्रकारात आहे. आपल्या पानाकडे दुसऱ्या कुणाच्या पानावरून आलेली लिंक म्हणजे बॅकलिंक. हा शब्द एसईओवाल्यांनी, म्हणजे साइट शोधात वर आणून देण्याचा धंदा करणाऱ्यांनी, एवढा वापरून गुळगुळीत केलाय, की त्यामागे एक अत्यंत देखणी कल्पना आहे हे लक्षातच येत नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंतची बहुतेक सर्च इंजिनं पानावर शब्द किती वेळा आला हे मोजत. ‘कापूस’ हा शब्द शंभरदा लिहिला की तुम्ही कापसाचे तज्ज्ञ. स्टॅनफर्ड विद्यापीठातले दोन विद्यार्थी, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन, यांनी वेगळा विचार केला. संशोधनाच्या जगात एखाद्या निबंधाचं वजन त्याचा उल्लेख इतर किती निबंधांनी केला यावरून जोखण्याची पद्धत होतीच. यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये त्यासाठी सायन्स सायटेशन इंडेक्स काढला होता. पेज आणि ब्रिन यांनी लिंक म्हणजे असाच उल्लेख मानला. त्यांच्या प्रयोगाचं पहिलं नावही ‘बॅकरब’ होतं. १९९८ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, कंपनी निघाली, आणि त्या मोजणीला नाव पडलं पेजरँक.

पेजरँकचं गणित कळायला अवघड नाही. कल्पना करा, एक रिकामटेकडा वाचक वेबवर भटकतोय. ज्या पानावर असेल तिथली कुठलीही एक लिंक दाबतो, पुढच्या पानावर जातो, पुन्हा तसंच. अधूनमधून कंटाळतो आणि भलत्याच पानावर उडी मारतो. मूळ निबंधात लिंक दाबण्याची शक्यता ०.८५ धरली होती आणि उडी मारण्याची ०.१५. असा वाचक अनंत काळ भटकला तर कुठल्या पानावर किती वेळ सापडेल, तेवढं त्या पानाचं महत्त्व. यातून दोन गोष्टी आपोआप निघतात. ज्या पानाकडे खूप लिंक येतात ते पान बलवान होतं, आणि बलवान पानानं दिलेली लिंक दुबळ्या पानाच्या लिंकपेक्षा जास्त मोलाची ठरते. शिवाय पान आपलं बळ आपल्या सगळ्या लिंकांमध्ये वाटून टाकतं. एखाद्या पानाचं बळ १० धरलं आणि त्यावर दोनच लिंक असल्या, तर ०.८५ नं गुणून प्रत्येकीच्या वाट्याला ४.२५ येतात. दुसऱ्या पानाचं बळ १०० आहे पण त्यानं ५०० जणांना लिंक दिल्यात, तर प्रत्येकाला मिळतात ०.१७. ‘आमच्या डिरेक्टरीत नाव टाका, आमची साइट फार मोठी आहे’ असं सांगणारा फोन आला की हा भागाकार आठवावा.

पुढे गूगलनंच हे चित्र सुधारलं. पानावरची प्रत्येक लिंक सारख्याच शक्यतेनं दाबली जाते हे काही खरं नाही. लेखाच्या ओघात, दुसऱ्या परिच्छेदात आलेली लिंक लोक दाबतात. तळाशी बारीक अक्षरात असलेली ‘आमचे सहयोगी’ ही यादी कुणी बघत नाही. लिंकचं वजन तिच्या जागेवरून आणि रूपावरून बदलावं, अशी मांडणी करणारं गूगलचं एक पेटंट २०१० मध्ये मंजूर झालं. आधीच्या त्या रिकामटेकड्या वाचकाच्या जागी इथे समंजस वाचक आला.

सोयरीक जुळवताना आपण मुलाकडची चौकशी करतो ना, तसंच हे. गावातल्या दहा जणांनी ‘मुलगा चांगला आहे’ म्हटलं तरी ते दहाही त्याच्याच भावकीतले असतील तर ऐकणारा मनात एकच धरतो. शेजारगावच्या ज्या माणसाला या लग्नातून काही मिळायचं नाही, तो सहज जे बोलून जातो, त्याला किंमत. आणि मध्यस्थ कितीही गोड बोलला तरी त्याचं पाकीट ठरलेलं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. लिंकांचे जेवढे प्रकार एसईओच्या पुस्तकांत दिलेले असतात ते सगळे या तीन माणसांत बसतात: ज्याला फायदा नाही असा, भावकीतला, आणि पैसे घेतलेला.

पहिल्यापासून सुरुवात करू. कुणीही न सांगता, वाचकाच्या सोयीसाठी म्हणून लिहिणाऱ्यानं स्वतःहून दिलेली लिंक सगळ्यांत भारी. यवतमाळच्या बाबतीत अशा लिंक कुठून येतात ते पाहण्यासारखं आहे. पी. साईनाथ यांच्या वार्तांकनाकडे, डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘पारी’ या संकेतस्थळाकडे, फवारणीच्या विषबाधेवरच्या अहवालांकडे अभ्यासक आणि परदेशी माध्यमं लिंक देतात, कारण त्यांना आधार हवा असतो. अवनीच्या वेळी प्राणिप्रेमी संघटना, न्यायालयीन बातम्या देणाऱ्या साइट आणि परदेशी वृत्तसंस्था एकमेकींकडे बोट दाखवत होत्या. २०१९ च्या संमेलनातही असंच झालं. ११ जानेवारीला संमेलन सुरू व्हायच्या काही दिवस आधी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं गेलं. त्यांचं न झालेलं भाषण अनेक साइटींनी छापलं, त्याला लिंक देत निषेध झाले, निषेधांना लिंक देत अग्रलेख झाले. उद्घाटन शेवटी कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, शेतकऱ्याची विधवा असलेल्या वैशाली येडे यांच्या हस्ते झालं. त्याच्याही बातम्या झाल्या. अरुणा ढेरे यांचं अध्यक्षीय भाषण मात्र मराठीत होतं, मराठीत छापलं गेलं, आणि ते मनापासून वाचणाऱ्यांपैकी लिंक देणारे किती? मराठी वाचक भाषणाचं कात्रण जपून ठेवतो, फोटो काढून पाठवतो. लिंक देत नाही.

इथे या लेखातला माझा मुख्य मुद्दा येतो. आपल्याकडे शिफारशी कमी होत नाहीत, उलट दिवसभर तेच चालू असतं. वणीला कुठे जेवावं, पांढरकवड्याला कुठे उतरावं, घाटंजीत कुठला डॉक्टर चांगला, कळंबच्या चिंतामणीला चतुर्थीला गेलं तर गाडी कुठे लावावी, हे सगळं लोक एकमेकांना सांगतात. पण सांगतात व्हॉट्सअ‍ॅपवर. ग्रुपमधला संदेश गूगलच्या यंत्राला दिसत नाही. त्यात दिलेली लिंक, तिला आलेले पन्नास अंगठे, पुढे पाठवलेली तिची दोनशे रूपं, यातलं काहीही वेबच्या नकाशावर उमटत नाही. फेसबुकच्या बऱ्याच गटांचंही तेच. वृत्तपत्रांच्या ई-पेपरमधून कापलेली कात्रणं म्हणजे तर निव्वळ चित्रं; चित्रातल्या पत्त्यावर कुणाला क्लिक करता येत नाही. उलट बाहेरून आलेला वार्ताहर, संशोधक, वाघांचा छायाचित्रकार उघड्या वेबवर लिहितो आणि लिंक देतो. म्हणजे यवतमाळबद्दल यवतमाळकरांचं मत बंद खोल्यांत राहतं, आणि बाहेरच्यांचं मत मोजलं जातं. गूगलचा यात दोष फार थोडा. त्याला जेवढ्या साक्षी ऐकू येतात तेवढ्यावर तो निकाल देतो.

जुनं एक कारणही आहे. युनिकोड सर्रास होण्याआधी मराठी साइट आपापल्या खास फॉन्टात असत. त्या फॉन्टाशिवाय पडद्यावर अगम्य रोमन अक्षरांची खिचडी दिसायची आणि सर्च इंजिनलाही तीच दिसायची. इंग्रजी वेब एकमेकांशी विणलं जात होतं त्या काळातला मराठी मजकूर त्यामुळे त्या विणकामाबाहेर राहिला. आता अडचण वेगळी आहे. देवनागरी शब्द असलेला वेबपत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की बऱ्याचदा त्याची टक्क्यांच्या खुणांनी भरलेली चार ओळींची माळ होते, आणि ती पाहून समोरचा माणूस व्हायरस समजून पुसून टाकतो.

आता लिंकच्या शब्दांकडे वळू. निळ्या अक्षरांत जे शब्द लिहिलेले असतात ते समोरचं पान कशाबद्दल आहे हे सर्च इंजिनला सांगतात. शब्दांचा हा जोर किती, ते २००३ साली जगानं पाहिलं. अमेरिकेतल्या काही ब्लॉगलेखकांनी ‘दारुण अपयश’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या अधिकृत चरित्रपानाकडे लिंक दिल्या. ते शब्द त्या पानावर कुठेही नसताना शोधात ते पहिलं येऊ लागलं. हा चावटपणा गूगलनं २००७ मध्ये बंद केला, पण तत्त्व राहिलं. आपल्या सरकारी आणि शैक्षणिक साइटींवर ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’ असं असतं. ‘येथे’ या शब्दाला कसलाही अर्थ नाही. त्याच जागी ‘टिपेश्वर अभयारण्याचं सफारी आरक्षण’ असं लिहिलं असतं तर पलीकडच्या पानाला नाव मिळालं असतं.

यवतमाळ ते मूर्तिजापूर एकेकाळी धावणाऱ्या नॅरोगेज गाडीचं उदाहरण इथे चांगलं लागू पडतं. नुसतं ‘शकुंतला’ शोधा, कालिदास आणि गणिती शकुंतलादेवी यांच्या गर्दीत ही गाडी हरवते. ‘शकुंतला रेल्वे’ म्हणा, लगेच सापडते, कारण तिच्यावर लिहिणाऱ्यांनी लिंक देताना हेच दोन शब्द वापरलेत. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं कापसासाठी टाकलेला हा मार्ग. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होतं. या गाडीच्या निमित्तानं लिंकची एक मर्यादाही दिसते. ‘भारतातली ही रेल्वे अजून इंग्रजांच्या मालकीची, आपण दरवर्षी त्यांना कोट्यवधी देतो’ हा मजकूर शेकडो साइटींवर जवळपास त्याच वाक्यांत सापडतो. एकानं दुसऱ्याचा आधार दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा. गाडी बंद पडून वर्षं लोटली तरी काही पानांवर ती धावतेच आहे. लिंक लोकांचं लक्ष मोजते. कागदपत्रं तपासायला तिच्याकडे सोय नाही.

नावाच्या स्पेलिंगचाही फटका बसतो. १९०८ च्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये इंग्रजीत जिल्ह्याचं नाव ‘येवतमाळ’ असा उच्चार होईल अशा स्पेलिंगनं छापलंय. जुन्या दस्तऐवजांकडे जाणाऱ्या लिंक त्या स्पेलिंगला बळ देतात, नव्या बातम्या नव्याला, आणि मराठी विश्वकोशातली जिल्ह्याची नोंद देवनागरीला. गूगल आता ही रूपं बरीचशी ओळखतं. तरी देवनागरीत शोधणाऱ्याला आणि रोमनमध्ये शोधणाऱ्याला मिळणारं यवतमाळ एकसारखं नसतं, हे कुणीही दोन मिनिटांत स्वतः करून बघावं.

भावकीच्या लिंकांचा धंदा मोठा आहे. एकच माणूस वीस-पंचवीस साइट काढतो, सगळ्या एकमेकींकडे आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या साइटीकडे बोट दाखवतात. धंद्यात याला पीबीएन म्हणतात. हे ओळखायची युक्ती गूगलकडे फार आधीपासून आहे. कृष्णा भरत आणि जॉर्ज मिहाइला यांनी १९९९-२००० च्या सुमारास ‘हिलटॉप’ नावाची पद्धत मांडली. तिच्यात एकाच मालकाच्या वाटणाऱ्या साइट एक धरल्या जात. सर्व्हरचा आयपी पत्ता पहिल्या तीन भागांत जुळला तरी त्या एकाच घरच्या. त्या काळी ही युक्ती साधी होती, आज त्यापुढे खूप गोष्टी तपासल्या जातात. स्वस्त होस्टिंगवर पंचवीस साइट काढून ‘वेगवेगळ्या आहेत’ म्हणणाऱ्याला यंत्र पंचवीस वर्षांपूर्वीच पकडू शकत होतं, एवढं ध्यानात घेतलं तरी पुरे.

मुदत संपलेली डोमेनंही याच बाजारात विकली जातात. संमेलन, महोत्सव, शताब्दी यांसाठी साइट निघते, वर्तमानपत्रं आणि महाविद्यालयं तिला लिंक देतात, कार्यक्रम संपतो, डोमेनचे पैसे कुणी भरत नाही. मग ते नाव तिसराच कुणी उचलतो आणि जुन्या लिंकांच्या पुण्याईवर जुगाराची जाहिरात चालवतो. मार्च २०२४ मध्ये गूगलनं हा प्रकार नावानिशी गैरवापर म्हणून जाहीर केला. वर्षाला हजार-बाराशे रुपये वाचवणाऱ्या संस्थांनी आपल्या जुन्या पत्त्यावर आज काय दिसतं ते एकदा उघडून पाहावं. आणि पत्ता बदलायचाच असेल तर जुन्यावरून नव्याकडे कायमचं वळण लावून ठेवावं. तसं केलं की जुन्या लिंकांचं बळ नव्या पत्त्याकडे येतं. जिल्ह्याची सरकारी साइटसुद्धा एनआयसीच्या पत्त्यावरून गव्ह डॉट इनवर आली. सरकारी पत्त्याची लिंक मिळाली की साइट वर जाते, असा एक समज आहे. पत्ता सरकारी आहे म्हणून गूगल वेगळे गुण देत नाही. त्या पानाकडे किती आणि कुणाच्या लिंक येतात यावर त्याचं बळ ठरतं. पर्यटनस्थळांच्या पानाकडे येतात. तीन वर्षांपूर्वीच्या निविदेच्या पानाकडे कोण कशाला लिंक देईल?

राहिला पैसे घेतलेला मध्यस्थ. टिपेश्वरच्या सुन्ना गेटजवळ कुणी होमस्टे काढला, असं समजू. साधारण दीडशे चौरस किलोमीटरचं अभयारण्य, वाघ हमखास दिसतो अशी ख्याती. २०१९ साली इथला एक तरुण वाघ गळ्यात कॉलर घेऊन निघाला आणि महिनोन्महिने चालत बुलडाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला, तेव्हापासून परदेशातही नाव झालेलं. साइट तयार झाली की पंधरवड्यात मेल येते: ‘एवढ्या रुपयांत पाच हजार बॅकलिंक.’ ते पाच हजार कुठून येतात? ब्लॉगांखालच्या शेऱ्यांतून, बेवारस प्रोफाइल-पानांवरून, रशियन-इंडोनेशियन भाषांतल्या कचरा साइटींवरून. याच कचऱ्यावर उपाय म्हणून जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएननं मिळून ‘नोफॉलो’ ही खूण आणली. लिंकच्या कोडमध्ये ती असली की सर्च इंजिननं तिला शिफारस मानायचं नाही. विकिपीडियानं २००७ मध्ये बाहेर जाणाऱ्या लिंकांना ती लावली, त्यामुळे टिपेश्वरच्या लेखात गुपचूप आपल्या होमस्टेची लिंक घुसवणाऱ्याला फक्त संपादकांचा राग मिळतो. सप्टेंबर २०१९ मध्ये आणखी दोन खुणा आल्या: पैसे देऊन घेतलेल्या लिंकसाठी ‘स्पॉन्सर्ड’ आणि वाचकांनी टाकलेल्यांसाठी ‘यूजीसी’. त्याच वेळी गूगलनं सांगितलं की या खुणा आता आदेश नसून सूचना आहेत. कधी ऐकायचं ते आम्ही ठरवू. तेव्हा नोफॉलो म्हणजे शून्य, असं गणित आता कुणी छातीठोकपणे मांडू नये. शिवाय विकिपीडियावरची लिंक पाहून एखादा पक्षिनिरीक्षक खरंच तुमच्याकडे आला आणि परत जाऊन त्यानं लिहिलं, तर ती दुसरी लिंक पहिलीची उणीव भरून काढते.

वृत्तपत्रांतल्या जाहिरातवजा लेखांचं प्रकरण जास्त नाजूक आहे. ब्रिटनमधल्या इंटरफ्लोरा या फुलं पोचवणाऱ्या कंपनीनं प्रादेशिक वृत्तपत्रांच्या साइटींवर पैसे देऊन असे लेख छापवले, त्यांत स्वतःकडे लिंका ठेवल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये, तिथला मातृदिन तोंडावर असताना, कंपनी स्वतःच्या नावानं शोधूनही सापडेनाशी झाली. ज्या वृत्तपत्रांनी लिंका विकल्या त्यांचंही गूगलमधलं वजन उतरलं. त्याआधी २०११ मध्ये जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीची अशीच भानगड न्यूयॉर्क टाइम्सनं उघड केली होती. आणि २४ एप्रिल २०१२ ला गूगलनं क्रमवारीच्या पद्धतीत केलेला ‘पेंग्विन’ नावाचा बदल आला. त्यानंतर विकत घेतलेल्या लिंकांमुळे हजारो साइट एका रात्रीत खाली गेल्या; लोक ज्यांना पैसे देऊन लिंक घेतल्या त्यांनाच पुन्हा पैसे देऊन त्या काढायला सांगत होते. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विनची रीत बदलली. आता वाईट लिंका बहुतेक वेळा शिक्षा न करता नुसत्या दुर्लक्षिल्या जातात. म्हणजे आपल्या होमस्टेवाल्याचे पाच हजार बॅकलिंक त्याला बहुधा बुडवणार नाहीत. त्याचे पैसे मात्र बुडाले. गूगलच्या माणसानं हातानं तपासून कारवाई केली तर गोष्ट वेगळी, पण पांढरकवड्याच्या एका होमस्टेवर ती वेळ येणं कठीण.

मग त्यानं करावं काय? आधी हे ओळखावं की सफारीला येणारा नागपूर-हैदराबादचा माणूस बऱ्याचदा नकाशातच शोधतो. ‘जवळची हॉटेलं’ म्हणून जी तीन नावं येतात ती गूगलच्याच सांगण्यानुसार शोधाशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी यांवर ठरतात. प्रसिद्धीत लोकांचे अभिप्राय आणि वेबवरचे उल्लेख दोन्ही येतात. नाव, पत्ता, फोन सगळीकडे एकसारखा असणं इथे लिंकपेक्षा जास्त कामाचं. एका ठिकाणी ‘केळापूर’, दुसरीकडे ‘पांढरकवडा’, तिसरीकडे जुना मोबाइल नंबर, असं असलं की यंत्राला ती तीन वेगळी ठिकाणं वाटू शकतात.

आणि मग दुसऱ्याला लिंक द्यावीशी वाटेल असं एखादं पान. खोल्यांचे दर आणि सूर्यास्ताचे फोटो यांना कुणी लिंक देत नाही, ते सगळ्यांकडे असतात. टिपेश्वरच्या पाणवठ्यांवर कुठल्या महिन्यात कुठले पक्षी दिसले याची तारखेनिशी नोंद, हैदराबादकडून येताना महामार्ग सोडल्यावरचा रस्ता पावसाळ्यात कसा असतो, परिसरातल्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, पाहुण्यांनी कसं वागावं, हे मराठीत आणि इंग्रजीत नीट लिहिलेलं एक पान असेल तर पक्ष्यांवर लिहिणारा ब्लॉगवाला, अमोलकचंद महाविद्यालयातला प्राणिशास्त्राचा विद्यार्थी, एखाद्या वृत्तपत्राची पुरवणी, कुणीही त्याकडे बोट दाखवू शकतं. अशा चार लिंका त्या पाच हजारांना भारी पडतात. छोट्या विषयात स्पर्धाही कमी असते. गूगलचे गॅरी इल्येश यांनी २०२४ मध्ये जाहीरपणे म्हटलं होतं की पान वर यायला फार थोड्या लिंका पुरतात. कंपनीची माणसं लिंकांचं महत्त्व कमी करून सांगतात असा एसईओवाल्यांचा जुना संशय आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. पण गूगलवरच्या अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात २०२३ साली गूगलचे पांडू नायक यांनी शपथेवर सांगितलं, की निकालांच्या क्रमासाठी लोक कशावर क्लिक करतात याचा तेरा महिन्यांचा साठा वापरला जातो. लिंक ही एकमेव साक्ष राहिलेली नाही, हे तरी त्यातून नक्की होतं.

मराठी वृत्तपत्रांच्या साइटींबद्दल मात्र तक्रार करायला हवी. जिल्हा पानावर बातमी येते: अमुक गावच्या बचतगटानं तमुक केलं. बचतगटाचं नाव असतं, अध्यक्षांचा फोटो असतो, गटाची साइट असूनही लिंक नसते. वाचक आपल्या साइटीवरून बाहेर जाईल ही भीती असावी. इंग्रजी माध्यमंही यात धुतल्या तांदळासारखी नाहीत, पण मराठीत बाहेर जाणारी लिंक शोधावी लागते. महाविद्यालयांच्या साइटींवर विभागवार माहिती असते. त्याच गावातल्या ग्रंथालयाकडे, कृषी विज्ञान केंद्राकडे, नाट्यसंस्थेकडे नेणारी ओळ नसते. दारव्हा, दिग्रस, उमरखेड, नेर इथल्या संस्थांनी एकमेकींना आणि चांगल्या लेखांना उघड्या वेबवर लिंक दिल्या तर त्यात कुणाची फसवणूक नाही आणि खर्चही नाही. ठरवून केलेली ‘तू मला, मी तुला’ ही अदलाबदल गूगलला आवडत नाही हे खरं. पण ग्रंथालयानं स्थानिक लेखकांची यादी करून त्यांच्या लेखनाकडे नेणं ही अदलाबदल नसते, ते ग्रंथालयाचं कामच आहे.

ज्यांची साइट आहे त्यांनी सर्च कन्सोल या गूगलच्या फुकट साधनात ‘लिंक्स’ हे पान उघडावं. आपल्याकडे कोण लिंक देतं, कुठल्या पानाला देतं आणि कुठल्या शब्दांनी देतं, तिन्ही तिथे दिसतं. यादीत ओळखू न येणाऱ्या विचित्र साइट असतीलच. त्या प्रत्येकाच्या असतात, त्या नाकारण्याचं साधन गूगलनं २०१२ मध्ये दिलं असलं तरी स्वतः विकत घेतलेल्या नसतील तर सोडून द्याव्यात. बघायचं ते खाली, ज्या साइटींवरून एक-दोनच लिंका आल्या आहेत तिथे. तिथे कधी एखाद्या पुण्याच्या पक्षिनिरीक्षकाचं पान निघतं, कधी नागपूरच्या शाळेच्या सहलीचा अहवाल, आणि कधी तेलंगणातल्या कुणीतरी तेलुगूत लिहिलेलं प्रवासवर्णन, ज्यात होमस्टेच्या पिठलं-भाकरीचं कौतुक आहे आणि रस्त्याला शिव्या.